सासुरवासाची ओवी आणि व्यामिश्र आघात : मुळशी परिसरातील जात्यावरच्या ओव्यांचे एक वाचन

प्रास्ताविक

मानसिक आघाताचा विचार आधुनिक मानसचिकित्सेत बराच काळ 'घटने'च्या अंगाने झाला. अपघात, भूकंप, रणांगण अशी एखादी भीषण घटना घडते, ती संपते आणि तिचे पडसाद मात्र मनात उरतात, असे या विचाराचे सर्वसाधारण स्वरूप होते. १९८० मध्ये अमेरिकन मानसचिकित्सक संघटनेच्या निदानपुस्तिकेत 'आघातोत्तर तणाव विकृती'ला स्थान मिळाले, त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर होता. साहजिकच या संकल्पनेवर रणांगणाची छाया राहिली. सैनिक रणांगणावरून घरी येतो. परंतु घर हेच जिचे रणांगण आहे आणि तेथून परतण्यासाठी जिला दुसरे घरच नाही, अशा स्त्रीच्या मनाचे काय होते, हा प्रश्न त्या संकल्पनेत मावत नव्हता.

ज्यूडिथ हर्मन या अमेरिकन मानसचिकित्सक विदुषीने १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या ग्रंथात नेमक्या या उणिवेवर बोट ठेवले. राजकीय कैदी, छळछावण्यांतून वाचलेले लोक, मारझोड सोसणाऱ्या पत्नी आणि घरातच अत्याचार झालेली मुले यांच्या अनुभवांत त्यांना एक समान सूत्र आढळले. ते सूत्र बंदिवासाचे. सुटकेची वाट नसताना दुसऱ्याच्या पूर्ण सत्तेखाली काढलेला दीर्घ काळ माणसाच्या केवळ स्मृतीत नव्हे, तर स्वभावात, नातेसंबंधांत आणि स्वतःविषयीच्या धारणेत उतरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या अवस्थेला त्यांनी दिलेल्या नावाचा मराठी पर्याय म्हणून येथे 'व्यामिश्र आघात' हा शब्दप्रयोग केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता मिळाली. घटना पुन्हा पुन्हा जिवंत होणे, तिची आठवण टाळणे आणि सतत धोक्याची जाणीव असणे ही जुनी तीन लक्षणे येथे आहेतच. त्यांच्या जोडीला भावनांवरील ताबा सुटणे, आपण हीन व पराभूत आहोत अशी लाजेने व अपराधभावाने भरलेली धारणा आणि जवळची नाती टिकविण्यातील अडचण ही आणखी तीन लक्षणे सांगितली आहेत. दीर्घकालीन घरगुती हिंसेचा तेथे उदाहरणादाखल स्पष्ट उल्लेख आहे.

मराठी समाजाला ही परिभाषा नवी असली तरी अवस्था नवी नाही. 'काच' हा शब्दच पाहावा. बैलाच्या मानेला दावे काचते. सासरच्या छळालाही काच म्हणतात. एकाच जागी, रोज, थोडे थोडे घासत राहिल्याने झालेली ही जखम आहे. तिला आरंभाचा दिवस नसतो. 'जाच', 'धसका', 'कोंडमारा' हे शब्दही एका प्रसंगाचे नसून सातत्याचे आणि अडकलेपणाचे आहेत. या सर्वांना पोटात घेणारा 'सासुरवास' हा शब्द तर वास्तव्य आणि छळ यांत भेदच करीत नाही. सासरी राहणे याचाच अर्थ सोसणे. ज्या भाषेने हा शब्द घडविला, तिच्यातील स्त्रियांनी या अनुभवाला दिलेले सर्वांत विस्तृत वाङ्मयीन रूप म्हणजे जात्यावरची ओवी होय. या ओवीचा सर्वांत मोठा संग्रह ज्या भूमीतून उभा राहू लागला, त्यात पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे स्थान महत्त्वाचे आहे. त्या संग्रहातील सासुरवासाच्या ओव्यांचे व्यामिश्र आघाताच्या संकल्पनेच्या प्रकाशात वाचन करणे आणि त्याच वेळी त्या ओव्यांच्या प्रकाशात ही संकल्पनाही तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुळशीतील संकलन आणि त्याची पार्श्वभूमी

हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून मुळशी, मावळ या डोंगरी पट्ट्यातील स्त्रियांच्या ओव्या संकलित करण्यास प्रारंभ केला. या भागात काम करणाऱ्या गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या स्त्रियांचा यात मोठा वाटा होता. हे संकलन बाहेरून आलेल्या अभ्यासकाने वही उघडून केलेले नव्हते. त्याच गावांतील, त्याच प्रकारचे आयुष्य जगलेल्या स्त्रिया दुसऱ्या स्त्रियांचे ऐकत होत्या. पुढे महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतूनही ओव्या जमत गेल्या आणि संग्रह एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत पोहोचला. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइतवाँ यांचे २००४ मध्ये आणि राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने हा ठेवा टप्प्याटप्प्याने वाचकांपुढे आणला आहे.

मुळशीचे सामाजिक वास्तव लक्षात घेतल्याखेरीज या ओव्यांतील छळाचे स्वरूप उलगडत नाही. भात, नाचणी, वरई अशा पिकांचा आणि मुसळधार पावसाचा हा मुलूख. शेतीवर घर चालत नसल्याने येथील पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरली. मुंबईचे डबेवाले मुख्यत्वे ज्या तालुक्यांतून आले, त्यांत मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव यांच्या बरोबरीने मुळशीचेही नाव घेतले जाते. पुरुष मुंबईस आणि नवी सून गावी सासूच्या हाताखाली, अशी घराची मांडणी त्यामुळे सर्रास झाली. सुनेवरील सत्तेचा दैनंदिन वापर सासू, नणंद, जाऊ यांच्या हातून होत असे. त्या सत्तेचे मूळ मात्र त्यांच्यापाशी नव्हते. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

जाते हेही या व्यवस्थेचाच भाग होते. पहाटे, घर झोपेत असताना, दोघी खुंट्याला हात लावून बसत. एक वैरण घाली, दुसरी ओढी. दिवसभरात सुनेला मोकळेपणाने तोंड उघडता येईल अशी ही जवळजवळ एकमेव वेळ, आणि तीही कष्टाचीच. दगडाच्या घरघरीत शब्द अर्धे झाकले जात. ही झाकण्याची सोय ओवीच्या घडणीत खोलवर मुरलेली आहे, याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही.

घटना नव्हे, रीत

या ओव्यांतील पहिली लक्षणीय गोष्ट म्हणजे त्यांत 'प्रसंग' फारसे नाहीत. अमुक दिवशी अमुक घडले, असे निवेदन क्वचित आढळते. आढळते ते रोजचे. न संपणारे काम, शेवटी आणि उरलेसुरले जेवण, बोलण्याने जिव्हारी झालेली जखम, माहेरी जाण्यास नकार. मराठी व्याकरणात 'रीतिभूतकाळ' नावाचा काळ आहे. जे एकदा घडले नाही, घडत असे, ते सांगण्यासाठी तो वापरला जातो. सासुरवासाची कथा बहुधा याच काळात सांगितली जाते आणि ओवी तर त्याही पुढे जाऊन तिला कालातीत वर्तमानात नेते. हर्मन यांनी बंदिवासात काळाच्या जाणिवेत होणाऱ्या बदलाचे वर्णन केले आहे. भविष्य आक्रसते, भूतकाळ पुसट होतो आणि एक अंतहीन आज उरतो, असा त्याचा आशय. ओवीचा काळ हा तोच आज आहे.

दुसरे वैशिष्ट्य स्वतःविषयीच्या धारणेचे. संग्रहाच्या वर्गीकरणात अगदी प्रारंभी सीतेच्या ओव्या येतात आणि त्यांच्या लगत बाईच्या जन्माविषयीच्या. मुलीचा जन्म देवाने का दिला, आईने पोटी का धरले, त्यापेक्षा दारची तुळस झाले असते तर बरे, या आशयाच्या असंख्य ओव्या तेथे आहेत. रोगवर्गीकरणातील 'हीन व पराभूत' ही धारणा येथे शब्दशः दिसते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथेच अभ्यासकाने सावध व्हावयास हवे. ओवी म्हणजे रुग्णाची नोंद नव्हे. ती परंपरेने हाती आलेली घडीव रचना आहे. जिचा छळ झाला नाही तीही ती गाते, आणि जिचा झाला तीही आईकडून ऐकलेल्या शब्दांतच गाते. एखाद्या ओवीवरून गाणारीच्या मनाचे निदान करणे शास्त्रीयही नाही आणि न्याय्यही नाही.

मग ओवी काय सांगते? ती एका व्यक्तीची अवस्था सांगत नाही. त्या अवस्थेची भाषा समाजाने आधीच तयार करून ठेवली होती, हे सांगते. जात्यापाशी आईच्या मांडीवर पेंगणारी मुलगी सासुरवासाच्या ओव्या लग्नाच्या कितीतरी आधी ऐकते. दुःख येण्यापूर्वी दुःखाचे शब्द तिच्या ओठांवर असतात. पाश्चात्त्य आघातविचारात भीषण अनुभवापुढे भाषा मोडून पडते, असे गृहीत धरले जाते. मुळशीच्या सुनेच्या बाबतीत हे गृहीतक उलटे होते. तिच्यापाशी भाषा मुबलक होती. प्रश्न वेगळा आहे. आधीच हाती असलेली ही भाषा तिला छळ ओळखण्यास समर्थ करीत होती की छळ हा जन्माबरोबर येणारा भोग आहे, हे तिच्या मनावर ठसवीत होती? उपलब्ध ओव्यांवरून दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या, असे म्हणावे लागते. आणि दुसरी अधिक प्रभावी असावी.

सीता, बोरी आणि बाभळी

सीतेच्या ओव्यांत या दुहेरीपणाचा कळस दिसतो. ओवीतील सीता वाल्मीकींच्या सीतेपेक्षा निराळी आहे. तिचा वनवास हा मुख्यतः सासुरवास आहे. तिला छळणाऱ्यांत कैकेयी सासू म्हणून पुढे येते आणि रामही निर्दोष सुटत नाही. सीतेला झालेला सासुरवास इतका अफाट होता की तिने तो देशोदेशीच्या बायकांना वाटून दिला, अशी एक कल्पना या ओव्यांत वारंवार येते. तिचे दोन्ही अर्थ संभवतात. आपले दुःख एकटीचे नाही, ते सीतेपासून आलेले आहे, या जाणिवेने लाज ओसरते. व्यामिश्र आघातात लाज ही सर्वांत चिवट गोष्ट असते, हे लक्षात घेतल्यास या कल्पनेचे बळ ध्यानात येईल. पण वाट्याला आलेला वाटा परत करता येत नाही. सीतेलाही चुकले नाही ते कोणाला चुकणार, हा दुसरा अर्थ त्याच ओळींत दडलेला आहे.

सीतेच्या ओव्यांतील आणखी एक प्रतिमा विशेष विचारणीय आहे. अरण्यात एकटी रडणाऱ्या सीतेची समजूत घालण्यास कोणीही माणूस नाही. तेथे बोरी आणि बाभळी बायका होतात आणि तिचे ऐकून घेतात. शोशाना फेलमन आणि डोरी लाउब यांनी १९९२ मध्ये 'टेस्टिमनी' या ग्रंथात साक्षीच्या प्रक्रियेत ऐकणाऱ्याचे महत्त्व प्रतिपादिले. ऐकणारा नसेल तर अनुभव सांगणाऱ्याच्याही हाती लागत नाही, असा त्यांचा विचार आहे. ओवीकर्तीला ही गोष्ट ठाऊक होती. म्हणून तर तिने ऐकणारे निर्माण केले, आणि ते काटेरी झाडांतून केले. ही निवड सहज झालेली नसावी. बोर आणि बाभूळ ही अंगणात कोणी हौसेने न लावलेली, माळावर आपोआप वाढलेली झाडे आहेत. ज्यांना कोणी जपले नाही त्यांनीच सीतेला जपावे, यातील करुणा कोणत्याही आलंकारिक काव्यापेक्षा उणी नाही.

ऐकणारे आणखीही आहेत. जाते हे स्वतःच ओवीत देव, माय आणि भाऊ होते. आई ही तर मनातले सांगण्याची हक्काची जागा. मात्र आईच्या बाबतीत एक विलक्षण गुंता दिसतो. आईपाशीच मन मोकळे करता येते, असे सांगणाऱ्या ओव्या आहेत, तशाच आपला जाच आईच्या कानी जाऊ नये, तिच्या जिवाला घोर लागेल, असे बजावणाऱ्याही आहेत. जिच्याकडे धाव घ्यावी तिलाच वाचवावे लागते. आणि धाव घेऊन तरी जाणार कोठे? आईबाप गेल्यावर भावजयीच्या घरी पहिल्यासारखे पाऊल टाकता येत नाही, हे ओवी पुन्हा पुन्हा सांगते. मुळशीत तर काही माहेरे खरोखरच पाण्याखाली गेली. १९२१ च्या सत्याग्रहानंतरही सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या लढ्याला यश आले नाही आणि टाटांच्या धरणात खोऱ्यातील अनेक गावे बुडाली. सत्याग्रहाचा इतिहास सारा जमिनीच्या हक्काच्या भाषेत लिहिला गेला. बुडालेल्या गावांतून बाहेर दिलेल्या लेकींचे माहेर गेले, याची नोंद त्यात शोधूनही सापडत नाही.

जे ओवीत येत नाही

ओव्यांत काय आहे याइतकेच त्यांत काय नाही, हेही महत्त्वाचे आहे. सासू, नणंद, जाऊ यांच्याविषयी ओवी मोकळी आहे. पतीविषयी ती सावध आहे. त्याचा राग, त्याचे दुर्लक्ष, सवत आणणे यांचे उल्लेख येतात, पण पुष्कळशा ओव्यांत तो सौभाग्य म्हणून, कुंकवाचा धनी म्हणून गौरविला जातो. शय्येवरील बळजबरीचा उघड उच्चार तर सहसा आढळत नाही. जात्याशी सोबतीला सासू किंवा जाऊ बसलेली असे, हे याचे एक कारण म्हणता येईल. पण तेवढ्याने भागत नाही, कारण सासूविषयीच्या तक्रारीला ही सोबत आड आलेली दिसत नाही. पतीविरुद्ध बोलल्यास उभे राहण्यास जमीनच उरत नाही, हे अधिक खरे कारण असावे. बंदिवासात सत्ता गाजविणाऱ्याशीच जिवाभावाचे बंध तयार होतात, असे हर्मन यांचे निरीक्षण आहे. तेवढ्यावरून कुंकवाच्या प्रत्येक ओवीला आजाराचे लक्षण ठरविणे हे मात्र ओवीवर आणि तिच्यातील खऱ्या प्रेमावर अन्याय करणारे होईल. जिथे प्रेम आणि भय यांची शहानिशा गाणारीलाही करता आली नसेल, तिथे वाचकाने ती घाईने करू नये.

ओवीतून जे निसटते ते शरीरातून प्रकट होते. अंगात येणे, दातखीळ बसणे, अकारण अंग दुखणे या गोष्टींकडे या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. व्हिएडा स्कल्टन्स या मानवशास्त्रज्ञ विदुषीने महाराष्ट्रातील एका महानुभाव देवस्थानातील मानसिक उपचारांचा अभ्यास करून १९८७ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एक हृदयद्रावक गोष्ट नोंदली आहे. घरातील पुरुष आजारी असेल तर त्याच्यासोबत आलेल्या आईच्या किंवा पत्नीच्याच अंगात येते. त्याची पीडा आपल्यावर यावी, असे ती मागणे मागते. ज्या मनाला आपल्या दुःखाचा हक्क नाही, त्याला दुसऱ्याच्या दुःखाच्या आडोशाने तरी किंचाळता येते.

याच संदर्भात एका गद्य आत्मकथनाचे उदाहरण उद्बोधक ठरेल. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे आत्मकथन १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुणे जिल्ह्यातीलच पुरंदर तालुक्यातील वीरगाव हे त्यांचे आजोळचे गाव आणि फलटण ही त्यांची कर्मभूमी. महारवाड्यातील सुनांच्या पायात घातला जाणारा लाकडी खोडा आणि नाक कापण्याचे प्रकार यांचे या पुस्तकातील वर्णन वाचवत नाही. जातीच्या गुलामगिरीत पिचलेल्या समाजाने आपल्यालाही कोणी गुलाम असावे म्हणून सुनेला राबविले, हे त्यांचे विश्लेषण आजही अजोड आहे. परंतु या पुस्तकात त्यांचा स्वतःचा संसार जवळजवळ नाही. २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की पतीचा संशय आणि मार त्यांनीही सोसला होता, आणि लिहिलेली पाने वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवली होती. सगळ्याच बाया सोसत असताना आपले वेगळे काय सांगायचे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. समूहाचे दुःख निर्भयपणे सांगणारी लेखिका स्वतःच्या दुःखापाशी थबकते, ती 'सगळ्याच सोसतात' या शब्दांपाशी. ओवीची हीच शक्ती आणि हीच मर्यादा आहे. मल्लिका अमर शेख यांनी १९८४ मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहून पतीच्या हिंसेचे थेट, एकवचनी कथन केले तेव्हा मराठी वाचक हादरला. त्या हादऱ्याला लेखिकेच्या धाडसाइतकीच त्या एकवचनाची सवय नसणेही कारणीभूत होते.

मनाचा निचरा की जखमेवरची पट्टी

लोकसाहित्याच्या मराठी अभ्यासात ओवीकडे स्त्रीमनाचा विसावा म्हणून पाहण्याची परंपरा दृढ आहे. जात्यावर गाऊन सासुरवाशीण मन हलके करी आणि पुन्हा कामाला लागे, हे वाक्य पाठ्यपुस्तकांपासून प्रबंधांपर्यंत इतके आढळते की त्याचा अर्थ तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. १९९४ मध्ये ग्लोरिया रहेजा आणि ॲन गोल्ड यांनी उत्तर भारतीय स्त्रीगीतांच्या अभ्यासातून या दृष्टीला उत्तर दिले आणि गीतांतील टीकेचा, प्रतिकाराचा स्वर पुढे आणला. राईरकर व पॉइतवाँ यांच्या १९९३ मधील इंग्रजी ग्रंथाचे शीर्षकही भारतीय शेतकरी स्त्रियांच्या बोलू लागण्याविषयीचे आहे. एका बाजूस विसावा आणि दुसऱ्या बाजूस बंड, अशी ही विभागणी झाली.

व्यामिश्र आघाताच्या संकल्पनेची खरी उपयुक्तता या विभागणीपाशी जाणवते. हर्मन यांनी बरे होण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. प्रथम सुरक्षितता, त्यानंतर स्मरण व शोक, आणि अखेरीस जगाशी नव्याने नाते जोडणे. त्यांतील पहिली अट त्यांनी अनिवार्य मानली आहे; छळ चालू असेपर्यंत उपचाराला आधार नाही. ओवीला ही कसोटी लावून पाहिल्यास एक विलक्षण चित्र समोर येते. ओवी शोक करते, आणि मराठी वाङ्मयात तितका दीर्घ शोक दुसरा नाही. ओवी नाते जोडते. सया, शेजारीण, सीता, तुळस, बोरी-बाभळी असा सारा गोत ती उभा करते. म्हणजे दुसरा आणि तिसरा टप्पा तिच्यात आहेत. नाही तो पहिलाच. दळण सरले की गाणारी त्याच चुलीपाशी, त्याच माणसांच्या हाताखाली जाते. मन हलके होते म्हणूनच ती दुसऱ्या दिवशीचा भार उचलू शकते, हे खरे असेल, तर ओवीने स्त्रीला तारले आणि तिला भरडणाऱ्या घरालाही तारले, असे म्हणणे भाग पडते. विसाव्याची भाषा बोलणाऱ्या अभ्यासकांनी या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे पाहिले नाही. बंडाची भाषा बोलणाऱ्यांनी पाहिले, परंतु पहाटेच्या अंधारात, दगडाच्या आवाजाआड केलेले बंड सासूला ऐकू गेले तरी तिने ते खपवून का घेतले, हा प्रश्न त्यांनीही पुरता विचारलेला नाही. एक उत्तर असे संभवते की सासूही एके काळी तेच गात होती, आणि त्या गाण्याने काही बदलत नाही हे ती जाणून होती.

उलट बाजूने पाहता मानसचिकित्सेच्या संकल्पनेलाही ओवीपासून घेण्यासारखे आहे. 'आघातोत्तर' या शब्दातील 'उत्तर' मुळशीच्या सुनेच्या वाट्याला तिच्या तरुणपणी आलेच नाही. आले ते बहुधा ती स्वतः सासू झाल्यावर, आणि त्या वेळी छळाची जागा तिच्या हाती आली. हातातली सत्ता सुनेवर चालविणारी सासू ही अत्याचारी असते की जुन्या अत्याचारातून न सावरलेली स्त्री? हर्मन यांच्या विवेचनात छळणारा आणि छळ सोसणारा यांच्यातील रेषा बरीचशी ठळक आहे. एकत्र कुटुंबात ती एकाच बाईच्या आयुष्यातून आरपार जाते. ओवी मात्र सुनेच्या बाजूनेच अधिक बोलते. आपण दिलेल्या जाचाची कबुली देणारी सासूची ओवी हाती लागणे कठीण आहे.

जाते थांबल्यानंतर

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती उंबऱ्याबाहेर गेली. लग्नातील हळदीपुरते जाते उरले. संकलनाला वेग आला तो याच काळात, जाते थांबत असताना. गरीब डोंगरी संघटनेशी जोडलेल्या स्त्रिया ओव्या गाऊ लागल्या त्या दिवसाउजेडी, बैठकीत, इतर गावांतून आलेल्या बायकांसमोर आणि ध्वनिमुद्रकापुढे. ओवी तीच, गळाही तोच, पण जात्याचा आडोसा गेलेला. सासर समोर नाही, दळणाची घाई नाही, आणि ऐकणाऱ्या बोरी-बाभळी नसून माणसे आहेत. सुरक्षिततेची जी अट घरात कधी पुरी झाली नाही, ती या बैठकीत निदान काही तासांपुरती पुरी होत असावी. या संकलनाचे मूल्य केवळ लोकसाहित्याच्या जतनात मोजणे म्हणूनच अपुरे ठरते.

आज हिंजवडीच्या संगणक उद्योगांमुळे मुळशी तालुक्याचा पूर्व भाग ओळखू येणार नाही इतका पालटला आहे. कायदाही पालटला. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत घातलेले ४९८ अ हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ व ८६ म्हणून आले. त्याआधी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला होता. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाची त्याने दखल घेतली, त्यामुळे ओवीने न उच्चारलेल्या गोष्टींनाही कायद्यात नाव मिळाले. या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याने भरावयाच्या घटना अहवालात हिंसेच्या प्रत्येक प्रकारापुढे तारीख, ठिकाण आणि वेळ यांसाठी रकाने आहेत. पुराव्याच्या दृष्टीने ते योग्यच. पण आजीच्या ओवीत आणि नातीच्या बोलण्यातही छळाची वेळ 'रोज' अशीच येते, आणि त्या रकान्यात 'रोज' लिहिता येत नाही.